निवृत्तिवेतन सुधारणा, भारतातील

शासकीय वा खाजगी नोकरीतून वयोमानाप्रमाणे, विकलांगतेमुळे अथवा विहित सेवाकाल पुरा झाल्यामुळे निवृत्त झालेल्या व्यक्तीस, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या कुटुंबीयांस, नियतकाली मिळणाऱ्या रकमेस निवृत्तिवेतन म्हणतात. ही रक्कम कोणी द्यावयाची, तिची आकारणी कशी करावयाची, महागाईबरोबर ती वाढवावयाची किंवा नाही आणि कोणत्या दिनांकापासून ती कोणास लागू करावयाची, यांसंबंधीच्या नियमांत वेळोवेळी जे फेरबदल झाले त्यांस निवृत्तिवेतन सुधारणा अशी संज्ञा आहे. येथे ‘सुधारणा’ हा शब्द केवळ बदल या अर्थी घ्यावयाचा असतो. कारण काही बदलांनी निवृत्तांचे जीवन सुसह्य केले, तर काहींनी पूर्वी शासनाने वा मालकाने उचललेला भार त्यांच्यावर टाकला.

वृद्धापकाळात उत्पन्नाच्या बाबतीत मुख्यतः तीन जोखमी संभवतात : अपेक्षेपेक्षा अधिक काळ जगल्यामुळे संचित पुंजी संपणे, चलनवाढीमुळे ठराविक उत्पन्नाची क्रयशक्ती घटणे आणि गुंतविलेल्या रकमेवर पुरेसा परतावा न मिळणे. निवृत्तीच्या दिवशी हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा या तीन जोखमी कोणाच्या शिरावर आहेत, यावर निवृत्तांचे कल्याण अधिक अवलंबून असते. भारतातील सुधारणांच्या इतिहासात या जोखमींची वाटणी अनेकदा बदलली. त्याचबरोबर प्रत्येक सुधारणेने एक नियत दिनांक ठरविला आणि त्या दिनांकाच्या अलीकडील व पलीकडील, एरवी सारखीच सेवा केलेल्या माणसांत भेद निर्माण केला. या भेदावरून झालेले वाद हा या इतिहासाचा मोठा भाग होय.

पूर्वपीठिका : मराठी राज्यात सेवेचा मोबदला वा गौरव म्हणून इनाम, नेमणूक, वर्षासन इ. रूपांनी उत्पन्न दिले जाई. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिल्या जाणाऱ्या ‘बालपरवेशी’त आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे मूळ रूप दिसते. ही सर्व दाने राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून असत. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर दुसऱ्या बाजीरावास ब्रह्मावर्त येथे वार्षिक आठ लाख रु. देण्यात येऊ लागले. १८५१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर दत्तकपुत्र नानासाहेब यांस ही रक्कम चालू ठेवण्यास ईस्ट इंडिया कंपनीने नकार दिला. असे राजकीय निवृत्तिवेतन आणि नोकरीबद्दलचे निवृत्तिवेतन या वस्तुतः भिन्न बाबी होत; तथापि दोहोंकडे देणगी म्हणूनच पाहण्याचा शासनाचा दृष्टिकोन दीर्घकाळ टिकला. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने शासनाने दिलेल्या निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. मात्र त्याच अधिनियमाने सावकाराच्या मागणीवरून निवृत्तिवेतनावर जप्ती आणण्यासही मनाई केली. म्हणजे निवृत्ताला सावकारापासून संरक्षण मिळाले, पण शासनापासून मिळाले नाही.

यूरोपात याच सुमारास वेगळी कल्पना रूढ होत होती. जर्मनीत १८८९ मध्ये बिस्मार्कच्या कारकीर्दीत कामगारांसाठी वृद्धत्व व विकलांगता विमा सुरू झाला. ब्रिटनने १९०८ च्या अधिनियमान्वये सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन देऊ केले. भारतात मात्र निवृत्तिवेतन हा सरकारी नोकरांपुरताच विषय राहिला. सनदी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर वार्षिक एक हजार पौंड मिळत आणि ते भारताच्या महसुलातून इंग्लंडमध्ये दिले जात. दादाभाई नवरोजी यांनी भारतातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला, त्यात ही निवृत्तिवेतने एक ठळक बाब होती. [→ दादाभाई नवरोजी].

स्वातंत्र्योत्तर सुधारणा (१९५०–७९) : ब्रिटिश अमदानीतील नियमांनुसार कर्मचाऱ्याच्या मृत्यूबरोबर निवृत्तिवेतन सामान्यतः थांबत असे, त्याच्या विधवेस हक्काने काही मिळत नसे. १९५० च्या उदार निवृत्तिवेतन नियमांनी ही उणीव अंशतः दूर केली. त्यांनी मृत्यू-नि-सेवानिवृत्ती उपदान सुरू केले व मर्यादित मुदतीपुरते कुटुंब निवृत्तिवेतन मान्य केले. १ जानेवारी १९६४ पासून केंद्र शासनाने अंमलात आणलेल्या योजनेने विधवेस आजन्म निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यासाठी कर्मचाऱ्यास आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम सोडावी लागे. ही अट २२ सप्टेंबर १९७७ पासून रद्द झाली. मात्र १९६४ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या विधवा या योजनेबाहेर राहिल्या. पतींची सेवा सारखीच असूनही निवृत्तीच्या दिनांकामुळे एकीला आजन्म आधार मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये श्रीमती पूनामल खटल्यात दिलेल्या निर्णयानंतर हा भेद दूर झाला.

याच काळात रेल्वे कर्मचाऱ्यांपुढे एक कठीण निवड उभी राहिली. रेल्वेत पूर्वी अंशदायी भविष्य निर्वाह निधीची पद्धत होती. १ एप्रिल १९५७ पासून निवृत्तिवेतनाची योजना लागू करून जुन्या कर्मचाऱ्यांस दोहोंपैकी एक पर्याय निवडावयास सांगण्यात आले. त्या वेळी निवृत्तिवेतनाची रक्कम लहान होती व कुटुंब निवृत्तिवेतनाची हमी अपुरी होती. त्यामुळे घर बांधणे, मुलींची लग्ने उरकणे, कर्ज फेडणे यांसाठी एकरकमी मिळणारा निधी पुष्कळांना अधिक सोयीचा वाटला. पुढील दोन दशकांत किंमती चढत गेल्या, निवृत्तिवेतनात महागाईनुसार वाढ होऊ लागली आणि निधी घेतलेल्यांची पुंजी मात्र आटत गेली. निवृत्तिवेतनाकडे वळण्याची संधी रेल्वेने अनेकदा दिली, तरी प्रत्येक वेळी नवा नियत दिनांक ठरविला गेल्याने जुने निवृत्त तिच्याबाहेर राहिले. कृष्णकुमार खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निधीधारक व निवृत्तिवेतनधारक हे दोन भिन्न वर्ग असल्याचे सांगून त्यांची मागणी फेटाळली. निधी हातात पडताच मालकाचे दायित्व संपते, निवृत्तिवेतनाचे दायित्व मात्र माणसाच्या हयातीबरोबर चालू राहते, हा या निर्णयातील मुख्य विचार होता. दीर्घायुष्य व महागाई यांची जोखीम कोणावर पडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

नाकरा निर्णय : २५ मे १९७९ च्या आदेशाने केंद्र शासनाने निवृत्तिवेतनाच्या आकारणीचे नवे सूत्र जाहीर केले. सरासरी वेतनातील पहिल्या हजार रुपयांवर ५० टक्के, पुढील पाचशेंवर ४५ टक्के व उर्वरित रकमेवर ४० टक्के असे हे सूत्र असून निवृत्तिवेतनाची कमाल मर्यादाही वाढविण्यात आली होती. या सूत्राने १,६०० रु. सरासरी वेतनावर ७६५ रु. निवृत्तिवेतन येई. ते ३१ मार्च १९७९ रोजी व त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू होते; आदल्या दिवशी निवृत्त झालेला कर्मचारी जुन्या व कमी दरावर राहिला. वाढत्या महागाईची झळ सर्वाधिक पोहोचलेले वयोवृद्धच अशा रीतीने लाभापासून वंचित झाले.

संरक्षण मंत्रालयातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले डी. एस्. नाकरा, सैन्यदलातील एक निवृत्त अधिकारी व ‘कॉमन कॉज’ ही संस्था यांनी या भेदास आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन ही मालकाच्या कृपेने मिळणारी देणगी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वृद्धापकाळी सामाजिक व आर्थिक न्याय देण्याचे ते साधन आहे, असे न्यायालयाने प्रतिपादिले. निवृत्तिवेतनधारक हा एकच वर्ग असून केवळ निवृत्तीच्या दिनांकावरून त्याचे दोन तुकडे करणे हे संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय झाला. पूर्वीच्या निवृत्तांचे वेतन नव्या सूत्रानुसार पुन्हा आकारण्यात आले; मात्र नियत दिनांकापूर्वीची थकबाकी देण्यात आली नाही. तत्पूर्वी देवकीनंदन प्रसाद खटल्यात (१९७१) निवृत्तिवेतन ही मालमत्ता असल्याचे न्यायालयाने मान्य केले होते. या दोन निर्णयांनी १८७१ च्या अधिनियमामागील ‘देणगी’ची कल्पना मागे पडली. १७ डिसेंबर हा दिवस देशभरातील निवृत्तांच्या संघटना निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात.

पुढील दोन दशकांत शासकीय निवृत्तांची स्थिती लक्षणीयरीत्या सुधारली. चौथ्या वेतन आयोगानंतर १९८६ पासून सर्व स्तरांवर सरासरी वेतनाच्या ५० टक्के हे प्रमाण रूढ झाले. निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याच्या, म्हणजे अंशराशीकरणाच्या, पद्धतीत तो भाग पूर्वी कायमचा कापला जाई. ‘कॉमन कॉज’च्याच याचिकेवरील १९८६ च्या निर्णयानंतर पंधरा वर्षांनी तो पूर्ववत करण्याची तरतूद झाली. पाचव्या वेतन आयोगाने जुन्या निवृत्तांचे वेतन नव्या वेतनश्रेणीच्या किमान टप्प्याच्या निम्म्याहून कमी असू नये, हे तत्त्व पुढे आणले. सहाव्या आयोगानंतर ८० वर्षांवरील निवृत्तांस २० टक्के अधिक, आणि वय वाढेल तसे वाढत जाऊन शंभराव्या वर्षी दुप्पट निवृत्तिवेतन देण्यात येऊ लागले. सैनिक तरुण वयातच निवृत्त होत असल्याने प्रत्येक वेतनवाढीबरोबर जुन्या व नव्या सैनिकांतील अंतर वाढत असे. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही त्यांची जुनी मागणी नोव्हेंबर २०१५ च्या आदेशान्वये १ जुलै २०१४ पासून मान्य करण्यात आली. महागाई मदत, वाढीव दर व कुटुंब निवृत्तिवेतन यांमुळे शासकीय निवृत्तांच्या बाबतीत पूर्वोक्त तिन्ही जोखमी शासनाने आपल्याकडे घेतल्या.

औद्योगिक कामगार : कारखान्यांतील कामगारांसाठी वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियमाने कापड, सिमेंट, कागद, सिगारेट, लोखंड-पोलाद व अभियांत्रिकी या सहा उद्योगांपासून सक्तीच्या बचतीस आरंभ झाला. [→ भविष्य निर्वाह निधि]. मुंबई, सोलापूर, नागपूर येथील गिरणी कामगार त्यामुळे या निधीचे सभासद झाले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या हाती एक ठोक रक्कम येई. दरमहाचे उत्पन्न मात्र मिळत नसे. गावाकडचे घर दुरुस्त करण्यात, मुलांच्या शिक्षणात वा आजारपणात ही रक्कम खर्च झाल्यावर कामगार पुन्हा मुलांवर अवलंबून राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरण्यांच्या संपानंतर व पुढे गिरण्या बंद पडत गेल्याने हजारो कामगारांना निवृत्तीच्या वयापूर्वीच रोजगार गमवावा लागला. उतारवयातील दीर्घ काळ निभावून नेण्यास एकरकमी निधी कसा अपुरा पडतो, हे त्या वेळी प्रकर्षाने दिसून आले.

१९७१ मध्ये या कामगारांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन योजना सुरू झाली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिची जागा कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने घेतली. मालकाच्या वर्गणीतील वेतनाच्या ८·३३ टक्के भाग निवृत्तिवेतन निधीत जाऊ लागला व केंद्र शासनाने १·१६ टक्के देण्याचे मान्य केले. निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, असे तिचे सूत्र आहे. वीस वर्षे सेवा झालेल्यास दोन वर्षे वाढवून मिळतात. वर्गणीसाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रु. करण्यात आली. या मर्यादेवर तीस वर्षे सेवा धरल्यास दरमहा सु. ६,८५७ रु. येतात, परंतु योजनेच्या आरंभीच्या दोन दशकांत वेतनमर्यादा ५,००० व नंतर ६,५०० रु. असल्याने तेव्हा निवृत्त झालेल्यांना मिळणारी रक्कम याहून पुष्कळच कमी होती.

या योजनेमुळे लक्षावधी कामगारांना व त्यांच्या विधवांना प्रथमच आजन्म मासिक उत्पन्न मिळाले, हे तिचे श्रेय होय. तिची मोठी उणीव महागाईसंबंधी आहे. आरंभीच्या वर्षांतील थोड्या वाढी सोडल्यास एकदा ठरलेले निवृत्तिवेतन रुपयांत कायम राहते. किंमती दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत असतील, तर सु. बारा वर्षांत त्या दुप्पट होतात; म्हणजे ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या कामगाराच्या निवृत्तिवेतनाची क्रयशक्ती सत्तराव्या वर्षी, औषधपाण्याचा खर्च वाढलेला असताना, निम्म्यावर येते. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये किमान ३,००० रु. व महागाईशी जोडणी यांची शिफारस केली होती. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रु. ठरविण्यात आले आणि पुढील दहा वर्षांत त्यात वाढ झाली नाही. राज्य परिवहन, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था इत्यादींतील निवृत्त या योजनेत मोडत असल्याने महाराष्ट्रात या प्रश्नाची तीव्रता विशेष आहे. प्रत्यक्ष वेतनावर वर्गणी भरून अधिक निवृत्तिवेतन घेण्याच्या मागणीचा सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय केला. त्याचा लाभ मुख्यतः वेतनमर्यादेवर वेतन असलेल्यांपुरता आहे. अल्पवेतनी कामगाराचा प्रश्न त्याने सुटला नाही.

२००४ ची सुधारणा : शासकीय निवृत्तिवेतनासाठी स्वतंत्र निधी साठविला जात नव्हता, चालू महसुलातून ते दिले जाई. आयुर्मान वाढत गेले, १९५०–८० या काळात झालेल्या मोठ्या नोकरभरतीतील कर्मचारी निवृत्त होऊ लागले व प्रत्येक वेतन आयोगाबरोबर निवृत्तिवेतनेही वाढली. सर्व राज्यांचा मिळून निवृत्तिवेतनांवरील खर्च १९९०–९१ मध्ये सु. ३,१०० कोटी रु. होता, २०२०–२१ मध्ये तो सु. ३,८६,००० कोटी रुपयांवर गेला. या वाढीची चाहूल १९९० नंतरच लागली होती. एस्. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील ‘ओॲसिस’ प्रकल्प समितीने २००० मध्ये वैयक्तिक निवृत्तिवेतन खात्यांची योजना सुचविली. या समितीचे काम मुळात असंघटित क्षेत्रातील, कोणताही आधार नसलेल्या कष्टकऱ्यांच्या वृद्धापकाळाचा विचार करणे हे होते. परंतु खात्यांची ही पद्धत प्रथम लागू झाली ती शासकीय कर्मचाऱ्यांनाच.

२२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेन्वये १ जानेवारी २००४ पासून केंद्र शासनाच्या सेवेत येणाऱ्यांस, सैन्यदले वगळून, नवी निवृत्तिवेतन योजना सक्तीची करण्यात आली. पश्चिम बंगाल वगळता बहुतेक राज्यांनी वेगवेगळ्या दिनांकांपासून अंशदानाची पद्धत स्वीकारली. कर्मचाऱ्याने वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम द्यावयाची, शासनाने तेवढीच भर घालावयाची (केंद्राचा हिस्सा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के), ती रोखे व भाग यांत गुंतवावयाची आणि साठाव्या वर्षी जमलेल्या निधीपैकी किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावयाची, असे शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तिचे स्वरूप आहे. २०१३ च्या अधिनियमाने निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरणास वैधानिक दर्जा मिळाला.

पूर्वी वर्गणी निश्चित नव्हती व लाभ निश्चित होता. आता वर्गणी निश्चित झाली व लाभ अनिश्चित राहिला. बाजार, महागाई व वार्षिकीचे दर यांची जोखीम कर्मचाऱ्याकडे गेली. सेवेच्या पस्तीस वर्षांत निधी मोठा होऊ शकतो, नोकरी बदलली तरी तो बरोबर नेता येतो आणि पुढील पिढीवर कराचा बोजा पडत नाही, हे या पद्धतीचे गुण सांगितले जातात. परंतु तिचे पहिले निवृत्त हे उशिरा, चाळिशीच्या आसपास नोकरीस लागलेले व अल्प सेवा झालेले होते. दहा लाख रुपयांचा निधी जमलेल्या कर्मचाऱ्याने त्यातील ४० टक्क्यांची वार्षिकी घेतली आणि दर सहा टक्के धरला, तर त्यास दरमहा २,००० रु. मिळतात व ते पुढे वाढत नाहीत. त्याच कार्यालयात काही वर्षे आधी लागलेल्या सहकाऱ्यास मात्र अखेरच्या वेतनाच्या निम्मे व त्यावर महागाई मदत मिळते. या तुलनेतून असंतोष वाढला. योजनेच्या पूरक बाबीही प्रथम दुर्लक्षित राहिल्या : सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबास जुन्या नियमांप्रमाणे लाभ देण्याचा तात्पुरता आदेश केंद्राने २००९ मध्ये, तर उपदानाचा आदेश २०१६ मध्ये काढला. दरम्यानच्या काळात अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांना या दिरंगाईची झळ सोसावी लागली. वर्गण्या वेळेवर खात्यात न भरल्याच्या त्रुटीही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात दाखवून दिल्या.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांस परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू केली व पुढे तिचे राष्ट्रीय योजनेत रूपांतर केले. तत्पूर्वीच्या कर्मचाऱ्यांस १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू राहिले. नियत दिनांकाचा प्रश्न येथे शिक्षकांच्या बाबतीत विशेष गुंतागुंतीचा झाला. अनेक शिक्षक या दिनांकापूर्वी विनाअनुदानित वा अंशतः अनुदानित शाळांत नेमले गेले होते. त्यांच्या शाळांना शंभर टक्के अनुदान त्यानंतर मिळाले. सेवा जुनी, परंतु अनुदान नवे, या कारणावरून त्यांस जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले व हा वाद न्यायालयांत गेला. भरतीची जाहिरात आधीची व नेमणूक नंतरची असलेल्यांना जुन्या योजनेचा पर्याय केंद्राने मार्च २०२३ मध्ये व राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये देऊ केला.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली राज्यातील शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षक यांनी १४ ते २० मार्च २०२३ या काळात संप केला. रुग्णालये, शाळा व महसुली कार्यालये यांच्या कामकाजावर त्याचा परिणाम झाला. शासनाने निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमल्यावर संप मागे घेण्यात आला. त्याच सुमारास सेवेत मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना कुटुंब निवृत्तिवेतन व निवृत्तांना उपदान देण्याचा निर्णयही झाला.

पुनर्विचार : राजस्थान, छत्तीसगढ, झारखंड व पंजाब या राज्यांनी २०२२ मध्ये आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये जुन्या पद्धतीकडे परतण्याचा निर्णय घेतला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेतील एका अभ्यासाने, सर्व राज्ये परतल्यास दीर्घ काळात निवृत्तिवेतनाचा बोजा नव्या योजनेच्या सु. साडेचार पटींपर्यंत जाईल, असा इशारा दिला. केंद्राने टी. व्ही. सोमनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंतर २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकत्रित निवृत्तिवेतन योजना मान्य होऊन ती १ एप्रिल २०२५ पासून पर्याय म्हणून अंमलात आली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, दहा वर्षे सेवेवर किमान १०,००० रु., मृत्यूनंतर जोडीदारास ६० टक्के व या सर्वांवर महागाई मदत, ही तिची वैशिष्ट्ये होत. कर्मचाऱ्याची दहा टक्के वर्गणी चालूच राहते व शासनाचा हिस्सा १८·५ टक्के होतो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्येच या धर्तीवरील योजनेस मान्यता दिली. महागाई व दीर्घायुष्य यांची जोखीम अशा रीतीने पुन्हा बव्हंशी शासनाकडे आली, तरी वर्गणीचे तत्त्व टिकले.

दुसरीकडे २०२५ च्या वित्त अधिनियमात केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांस वैधता देणाऱ्या तरतुदी अंतर्भूत करण्यात आल्या. निवृत्तिवेतनधारकांत भेद करण्याचा व वेतन आयोगांच्या शिफारशी लागू करताना निवृत्तीचा दिनांक आधारभूत मानण्याचा अधिकार शासनास आहे, असे त्यांत १ जून १९७२ पासून गृहीत धरण्यात आले. निवृत्तांच्या संघटनांनी या तरतुदींस विरोध केला. नाकरा निर्णयाने मिळालेले संरक्षण त्यांमुळे क्षीण होईल, अशी त्यांची भीती आहे.

नोकरीबाहेरील वृद्ध : वर वर्णिलेले सर्व वाद देशातील अल्पसंख्य वृद्धांपुरते आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. शेतमजूर, विडी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हमाल यांना सेवापुस्तक नसते, निवृत्तीचे वयही नसते. शरीर थकेपर्यंत काम करणे हाच त्यांचा नियम असतो. निराधार वृद्धांसाठी उत्तर प्रदेशने १९५७ मध्ये निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना व पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आल्या. त्यांखालील मासिक रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रु. करण्यात आली. केंद्राचे साहाय्य १५ ऑगस्ट १९९५ पासून दरमहा ७५ रु. असे सुरू होऊन पुढे २०० रु. झाले. ८० वर्षांखालील वृद्धांसाठी ते पुढील दीड दशकाहून अधिक काळ तेवढेच राहिले. २०१५ च्या अटल निवृत्तिवेतन योजनेत वर्गणीप्रमाणे दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. परंतु ही रक्कम साठीनंतर मिळावयाची असून तीही महागाईशी जोडलेली नाही.

मूल्यमापन : गेल्या दीड शतकाच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. निवृत्तिवेतन ही कृपा की हक्क, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी हक्काच्या बाजूने दिले. हा हक्क किती जणांचा, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. निवृत्तांच्या कल्याणास सर्वांत मोठा धोका लहान रकमेपेक्षा गोठलेल्या रकमेचा असतो. रेल्वेचे निधीधारक, कारखान्यांतील कामगार व वार्षिकीवर जगणारे नवे निवृत्त या तिघांची अडचण मुळात एकच आहे. याउलट महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन वृद्धास कुटुंबात मानाचे स्थान देते, विधवेस मुलांच्या दारी हात पसरावा लागत नाही आणि आजारपणात कर्ज टळते. त्याची किंमत करदाते देतात व त्यांतील बहुसंख्यांना स्वतःस असे निवृत्तिवेतन मिळावयाचे नसते, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. नव्या पद्धतीकडे वळताना शासनास जुन्या निवृत्तांचे वेतन व नव्यांच्या खात्यांतील वर्गणी असा दुहेरी खर्च दीर्घकाळ सोसावा लागतो; म्हणून २००४ च्या सुधारणेने अपेक्षिलेली बचत तिच्या पहिल्या दोन दशकांत फारशी दिसू शकली नाही. निवृत्त व्यक्तीस सत्तराव्या वर्षी पुन्हा काम शोधता येत नाही वा नव्याने बचत करता येत नाही. त्यामुळे नियम बदलण्याचा परिणाम तिच्यावर इतर कोणत्याही वर्गापेक्षा अधिक कठोर होतो. बदल करावयाचा झाल्यास तो नोकरीच्या आरंभी माहीत असावा, त्याचा दिनांक मागे नेऊ नये व किमान निर्वाहाचा भाग सर्व वृद्धांसाठी महागाईपासून सुरक्षित ठेवावा, या तत्त्वांवर पुढील सुधारणांचे यशापयश अवलंबून राहील.